जुन्या गाडीला जास्त ॲम्पिअरचा अल्टरनेटर बसवायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९६८ सालची, मूळचा अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र) ३७ ॲम्पिअरचा, डॅशबोर्डवर ॲमीटर (करंट दाखवणारा काटा). त्यावर तुम्ही हॅलोजन हेडलाइट, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा आणि म्युझिक सिस्टीम चढवली. आता रात्री सिग्नलला थांबलं की दिवे पिवळे पडतात, वायपर रेंगाळतात आणि पंखा लागला की सगळंच मंदावतं. हल्लीच्या एखाद्या गाडीचा १२० ॲम्पिअरचा अल्टरनेटर बसवावा का, आणि बसवला तर एवढा करंट जाऊन जुनं वायरिंग जळेल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

आधी जळण्याच्या भीतीबद्दल. अल्टरनेटर स्वतःहून वायरीत करंट कोंबत नाही. तो फक्त व्होल्टेज धरून ठेवतो, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान. करंट किती घ्यायचा ते पलीकडचा दिवा, मोटर किंवा बॅटरी ठरवते. ५५ वॉटचा बल्ब ३७च्या अल्टरनेटरवर चारएक ॲम्पिअर घेतो आणि १२०च्या अल्टरनेटरवरही तेवढेच घेतो. म्हणजे हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरींना नव्या अल्टरनेटरचं सोयरसुतक नाही. धोका एकाच वाटेवर आहे: अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर आणि तिच्या मधे येणारा प्रत्येक जोड. बॅटरी उतरलेली असताना धक्का मारून गाडी सुरू केली, की ती भुकेली बॅटरी अल्टरनेटर देईल तेवढं ओढते. ३७चा अल्टरनेटर तिला फार देऊच शकत नाही, त्यामुळे जुन्या वायरीला आपोआप संरक्षण मिळत होतं. मोठा अल्टरनेटर आला की ते संरक्षण संपलं. म्हणून भीती निराधार नाही, फक्त तिची जागा वेगळी आहे.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे वळू. दिवे पिवळे पडतात म्हणजे अल्टरनेटर लहान पडतो असं बहुतेक जण धरून चालतात. माझ्या कामात मला निम्म्या वेळा वेगळंच सापडतं: अल्टरनेटर पुरेसं देत असतो, पण ते दिव्यापर्यंत पोहोचत नसतं. त्या काळच्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून जातो. पन्नास वर्षांत संपर्कांवर काळं चढतं, जोड सैल होतात आणि एक-दीड व्होल्ट वाटेतच संपतो. साध्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं तर उजेड ३० टक्क्यांनी कमी होतो. अशा गाडीला १२०चा अल्टरनेटर लावलात तरी दिवे पिवळेच राहणार.

म्हणून काही विकत घेण्याआधी एक मल्टिमीटर घेऊन अर्धा तास मोजमाप करा. इंजिन नीट तापवा, हेडलाइट, पंखा, हीटरचा ब्लोअर सगळं चालू करा आणि इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू ठेवा. पहिलं मोजमाप अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर, म्हणजे बी प्लसवर. मीटरची काळी तार अल्टरनेटरच्या बॉडीला लावा. दुसरं बॅटरीच्या दोन खांबांवर. खांबांवर म्हणजे खांबांवरच, क्लॅम्पवर नाही. तिसरं हेडलाइटच्या बल्बच्या मागे, बल्ब जळत असताना. मग हेच सगळं इंजिन मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर धरून पुन्हा करा.

आयडलिंगला बी प्लसवरच १२.३ दिसलं आणि फेऱ्या वाढवल्यावर १४ झालं, तर अल्टरनेटर खालच्या वेगाला खरंच कमी पडतो. बी प्लसवर १४.२ आणि बॅटरीवर १३.३ असेल तर मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये (करंटच्या बॉडीतून परतीच्या वाटेत) व्होल्टेज पडतंय. बॅटरीवर १४ आणि बल्बवर ११.८ असेल तर हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, अल्टरनेटरला हात लावायची गरजच नाही. अर्थिंगची बाजू वेगळी तपासायला मीटर अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत लावा. सगळा भार चालू असताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते चॅसी ही विणलेली अर्थ पट्टी सडली की करंट गिअरच्या, थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो. थ्रॉटलची केबल गरम लागलेली मी हाताने अनुभवली आहे.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमच्याकडे दोन्ही आहे: थोडा वायरिंगचा दोष आणि आयडलिंगला खरीखुरी टंचाई. टंचाईचा हिशोब सोपा आहे. इग्निशन ४ ॲम्पिअर, हेडलाइट ८, मागचे-पुढचे छोटे दिवे आणि डॅशबोर्ड ३, वायपर ४, ब्लोअर ६, पंखा १२, म्युझिक ४, आणि सिग्नलला ब्रेकवर पाय असतो म्हणून ब्रेकलाइट ३. बेरीज ४४. पंखा सुरू होतानाचा झटका याच्या वर, बॅटरी भरायची ती वेगळीच. आकडे तुमच्या गाडीत थोडे इकडेतिकडे होतील, पंखा किती ओढतो हे तर क्लॅम्प मीटर लावूनच कळेल, पण चित्र स्पष्ट आहे.

यात सगळ्यांची फसगत होते ती लेबलवरच्या आकड्याने. ३७ किंवा १२० हा आकडा अल्टरनेटर स्वतः ६००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला इंजिन ७५० फेऱ्यांवर आणि पुलीचं प्रमाण एकास दोन असेल, तर अल्टरनेटर जेमतेम १५०० वर फिरतो. त्या वेगाला तुमचा मूळ अल्टरनेटर दहा-पंधरा ॲम्पिअर देत असेल. बाकीची तूट बॅटरी भरून काढते, म्हणून तर दिवे पिवळे होतात. जुन्या बॉशच्या अल्टरनेटरवर कित्येकदा ‘१४ व्होल्ट २३/५५ ॲम्पिअर’ असं दोन आकड्यांत लिहिलेलं असतं. पहिला कमी वेगाचा, दुसरा ६००० फेऱ्यांचा. निवड करताना मी नेहमी पहिला आकडा बघतो. विकणाऱ्याला तो सांगता येत नसेल तर आउटपुटचा आलेख मागा.

तुम्हाला मी ७० ते ९० ॲम्पिअरच्या पट्ट्यातला, खालच्या वेगाला ४०च्या आसपास देणारा, आतच रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) असलेला अल्टरनेटर सुचवेन. १२०चा का नाही? एक तर हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा सिग्नल नसेल तर तो अल्टरनेटर चार्जच करत नाही किंवा एकाच ठरावीक, कमी व्होल्टेजवर अडकून राहतो. दुसरं, त्याची पुली लांबीने जाणाऱ्या बारीक खाचांच्या रुंद सपाट पट्ट्यासाठी असते, तुमच्याकडे एकच व्ही पट्टा आहे. पुली बदलता येते, पण व्ही पट्ट्याची ताकद बदलत नाही. ६० ॲम्पिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरली तर पट्ट्यावर दीड किलोवॉट, म्हणजे दोन अश्वशक्ती येतात. १२० ॲम्पिअरला हेच चारच्या आसपास जातं. तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो हे विसरू नका. पट्टा घसरला की चार्जिंग जातं आणि इंजिनही तापतं.

आयडलिंगला अजून थोडं हवं असेल तर अल्टरनेटरची पुली किंचित लहान करता येते. प्रमाण दोनवरून २.४ केलं तर आयडलिंगला १५००चे १८०० होतात, आणि त्या भागात आउटपुटचा चढ एवढा तीव्र असतो की तीनशे फेऱ्यांत बराच फरक पडतो. वरच्या टोकाचा हिशोब मात्र करा: इंजिन ५५०० ला नेलं तर अल्टरनेटर १३,२०० वर जातो. निवडलेल्या अल्टरनेटरला तो वेग झेपतो ना, ते बघून घ्या. पुली फार लहान केली तर पट्टा तिला पुरेसा कवटाळत नाही आणि पुन्हा घसरतो.

आता ॲमीटरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या गाडीत सगळ्यात नाजूक जागा तीच आहे. त्या काळच्या अनेक गाड्यांत, विशेषतः अमेरिकन गाड्यांत, अल्टरनेटरची वायर फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतल्या) कनेक्टरमधून आत येते, ॲमीटरमधून जाते आणि पुन्हा त्याच फायरवॉलमधून बाहेर पडून बॅटरीला मिळते. दिव्यांना वगैरे जाणारा करंट अल्टरनेटरच्या बाजूने निघतो, त्यामुळे ॲमीटरमधून फक्त बॅटरीत जाणारा किंवा बॅटरीतून येणारा करंट वाहतो. बॅटरी भरलेली असेल तर तो जवळजवळ शून्य. ही रचना मूळ गाडीत चोख होती.

बिघडवतो ते आपण. नवीन पंखा बसवला की त्याची वायर थेट बॅटरीच्या खांबाला लावायची, ही सगळ्यांची सवय आहे. माझ्याकडे एक गाडी आली होती, मालकाची तक्रार अशी की ॲमीटरचा काटा कायम पंधरा-वीसवर, चार्जिंग थांबतच नाही. दोन रेग्युलेटर बदलून झाले होते. मी पंख्याची वायर काढली आणि काटा मधोमध आला. पंख्याचा करंट अल्टरनेटरमधून निघून, फायरवॉल ओलांडून, ॲमीटरमधून फिरून, परत फायरवॉल ओलांडून बॅटरीकडे आणि तिथून पंख्याला जात होता. तो करंट चार्जिंगसारखा दिसत होता, एवढंच. फायरवॉलचा कनेक्टर उघडला तर ती चपटी पिन निळसर-काळी पडली होती, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन कडेने ओघळलं होतं, आणि वायरीचं इन्शुलेशन दोन इंच आतपर्यंत कडक होऊन बोटाने मोडत होतं. गाडी पेटली नव्हती, पण फार दिवस उरले नव्हते. तुमचाही पंखा बॅटरीच्या खांबाला लावलेला असण्याची दाट शक्यता आहे. आज उठून आधी ते बघा.

यावर मी करतो ते असं. अल्टरनेटरच्या बी प्लसपासून एक नवी जाड वायर थेट स्टार्टरच्या सोलनॉइडवर (स्टार्टर मोटरच्या जाड स्विचवर), जिथे बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टवर आणतो. ७० ते ९० ॲम्पिअरसाठी आणि दोनेक मीटर लांबीसाठी १६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या. मूळची वायर ४ चौरस मिलिमीटरची धरली, तर दोन मीटरमध्ये ६० ॲम्पिअरला अर्धा व्होल्ट पडतो आणि ३० वॉट उष्णता वायरीतच मुरते. १६ चौरस मिलिमीटरमध्ये हेच ०.१३ व्होल्ट आणि आठेक वॉटवर येतं. या नव्या वायरीला तिचा स्वतःचा फ्यूज हवाच, अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा वरचा. ७०च्या अल्टरनेटरला मी ९० ते १०० ॲम्पिअरचा बोल्टचा फ्यूज लावतो, आणि तो सोलनॉइडच्या टोकाला, म्हणजे बॅटरीच्या बाजूला बसवतो. वायर कुठे घासून चॅसीला टेकली तर शेकडो ॲम्पिअर ओतणारी बॅटरी असते, अल्टरनेटर नाही. तुमच्या जुन्या वायरिंगमध्ये फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरीचा तुकडा) असेल तर ती तशीच ठेवा. ती जुन्या वायरीचं रक्षण करते, नव्या वायरीचं करत नाही.

आता ॲमीटरचं काय? नवी वायर टाकून जुनी तशीच ठेवली तर करंट दोघींत विभागला जातो आणि ॲमीटर काहीबाही कमी दाखवतो. मी ॲमीटर पूर्ण बाजूला काढतो, त्याच्या दोन वायरी एका स्टडवर घट्ट बोल्टने जोडून वर नीट इन्शुलेशन चढवतो, आणि व्होल्टमीटर लावतो. १४च्या आसपास म्हणजे सगळं ठीक, १२.५च्या खाली म्हणजे चार्जिंग गेलं. चालकाला यापेक्षा जास्त माहिती लागत नाही. डॅशबोर्डचं मूळ रूप जपायचं असेल तर त्याच तबकडीमागे व्होल्टमीटरची यंत्रणा बसवून देणारे कारागीर असतात. पंखा, हेडलाइटचे रिले, म्युझिक यांना पॉझिटिव्ह सोलनॉइडजवळच्या एका वेगळ्या वितरण स्टडवरून द्या, प्रत्येकाला आपापला फ्यूज.

अल्टरनेटर जागा कसा होतो, हा पुढचा मुद्दा. आत रेग्युलेटर असलेल्या बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीला डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून थोडा करंट लागतो. त्या दोन-सव्वादोन वॉटच्या बल्बमधून येणाऱ्या करंटनेच रोटरमध्ये (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागात) चुंबकत्व उभं राहतं. तुमच्या गाडीत ॲमीटर असल्यामुळे हा दिवा कदाचित नसेलच, तर तो बसवा. आणि तिथे एलईडी लावू नका, त्यातून इतका कमी करंट जातो की अल्टरनेटर जागाच होत नाही. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ५० ते १०० ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर जोडा. काही जण हा दिवा टाळून इग्निशनचा पॉझिटिव्ह थेट त्या टर्मिनलला देतात. मग चावी बंद केली तरी अल्टरनेटरचा करंट उलटा इग्निशनमध्ये येतो आणि इंजिन चालूच राहतं. बल्ब किंवा डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) मधे असेल तर हे होत नाही.

एकाच वायरीवर चालणारे अल्टरनेटरही मिळतात. त्यांचं बसवणं सोपं आहे, पण मी ते सुचवत नाही. सुरू केल्यावर एकदा ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय ते चार्ज करायला लागत नाहीत, आणि व्होल्टेज स्वतःच्याच टर्मिनलवर मोजतात. वेगळं सेन्सचं (व्होल्टेज दुसऱ्या जागी मोजण्याचं) टर्मिनल असलेला अल्टरनेटर मिळाला तर ती बारीक वायर त्या वितरण स्टडवर नेऊन लावा. मग रेग्युलेटर वाटेतली तूट ओळखून ती भरून काढतो. त्या वायरीलाही छोटा फ्यूज द्या.

बसवणीत सगळ्यात जास्त वेळ ब्रॅकेट खातं. क्रँक, पंप आणि अल्टरनेटर या तिन्ही पुल्यांच्या खाचा एका रेषेत हव्यात. सरळ पट्टी लावून बघा, एखाद्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर वॉशरांचा ढीग न लावता नेमक्या जाडीचा स्पेसर लेथवर काढून घ्या. पट्ट्याची रुंदी खाचेला जुळते का ते तपासा. व्ही पट्टा बाजूंनी पकडतो, तळाशी टेकला की घसरणारच. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला लागतोय, हे नक्की. अल्टरनेटरच्या पुलीमागच्या पंख्याची पाती एका बाजूला वळलेली असतील तर फिरण्याची दिशा जुळते का तेही बघा, नाहीतर तो स्वतःला थंड करू शकणार नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या गाडीत अल्टरनेटरऐवजी डायनमो (अल्टरनेटरच्या आधीच्या काळचं वीज बनवणारं यंत्र) असेल तर थोडं वेगळं आहे. ल्युकासचा सी ४० डायनमो २२ ॲम्पिअरच्या आसपास देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही, त्यामुळे साध्या ३५-४५च्या अल्टरनेटरनेही फरक जाणवतो. मात्र गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली आहे का ते आधी पाहा, साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या तशा होत्या. ती निगेटिव्ह अर्थवर आणल्याशिवाय नेहमीचा अल्टरनेटर जोडलात तर त्याचे डायोड त्याच क्षणी जातात. बदल करताना इग्निशन कॉइलच्या आणि ॲमीटरच्या वायरी उलट कराव्या लागतात, इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आणि रेडिओ वेगळे तपासावे लागतात. काही गाड्यांत टॅकोमीटरची केबल डायनमोच्या मागून निघते, तिची सोय आधी लावा. डायनमोचं चार्जिंग सांभाळणारी कटआऊटची जुनी पेटी मी काढत नाही, आतून रिकामी करून वायरींचा जोड म्हणून वापरतो.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. आणि सुरू झाल्यावर अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढण्याचा जुना प्रकार कृपया करू नका. डायनमोच्या काळात तो चालून गेला. अल्टरनेटरमध्ये बॅटरीचा आधार एकदम सुटला की व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं, आणि रेग्युलेटर, डायोड, म्युझिक सिस्टीम सगळं जाऊ शकतं.

शेवटी सुरुवातीची तिन्ही मोजमापं तशीच्या तशी पुन्हा घ्या. भार चालू असताना बी प्लस ते बॅटरीचा पॉझिटिव्ह यांच्यातला फरक ०.३ व्होल्टच्या आत असायला हवा. अर्धा तास गाडी फिरवून या, इंजिन बंद करा आणि नव्या वायरीचा प्रत्येक लग (वायरीच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी) बोटांनी चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तो क्रिंप (दाबून केलेला जोड) पुन्हा करा. नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणला जातो, तेव्हा त्याच दिवशी तो पुन्हा आवळा: सगळ्यात लांब टप्प्यावर अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. पण हे सगळं पुढचं; काही विकत घेण्याआधी आयडलिंगचे आणि २००० फेऱ्यांचे बी प्लस, बॅटरी आणि बल्ब असे तुमचे सहा आकडे मला कळवा. त्यावरून अल्टरनेटर लागणारच आहे की दोन रिले आणि एक अर्थ पट्टी यांवर भागेल, हे नक्की सांगता येईल.